जर्मनला जाताना इंग्रजीचा वळसा कशाला?

2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि जर्मन शिकण्याची चर्चा पुण्या-मुंबईबाहेरही पोचली. नव्या विद्यार्थ्याला पहिली धास्ती वाटते ती ‘डेअर, डी, डास’ या तीन लिंगांची. त्या धांदलीत आज, इथे, हळू, आवडीने अशा क्रियाविशेषणांकडे कोणी फारसं बघत नाही. त्यांना लिंग नाही, विभक्ती नाही. मग शिकायचं काय?

त्यांची जागा. आणि इथे मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे.

‘मी उद्या ट्रेनने मुंबईला जातोय’ याचं जर्मन होतं, ‘इश फारं मॉर्गन मिट डेम त्सूग नाख मुंबई’. क्रियापद बाजूला ठेवलं तर क्रम तोच: आधी केव्हा, मग कसं, मग कुठे. इंग्रजीत तो बहुधा नेमका उलटा असतो. काळ, कारण, रीत आणि स्थळ हा क्रम लक्षात राहावा म्हणून जर्मनच्या वर्गात ‘टेकामोलो’ हा आद्याक्षरांचा शब्द घोकून घेतात. ‘मी आज पावसामुळे बसने कोल्हापूरला जातेय’ असं सहज बोलणाऱ्या मुलीने मात्र चारही गोष्टी न घोकताच ओळीने मांडलेल्या असतात. (हा क्रम काही कायदा नव्हे. ज्यावर भर द्यायचा ते जर्मन माणूसही पुढेमागे करतो.) तरी आपली मुलं वाक्य आधी इंग्रजीत जुळवतात आणि मग जर्मनमध्ये उतरवतात. हा वळसा महागात पडतो.

अडचण येते ती क्रियापदाची. मराठीत ते शेवटी, जर्मनच्या साध्या विधानात दुसऱ्या जागी. ‘उद्या’ने सुरुवात केली की ‘मॉर्गन इश फारं’ म्हणायचा मोह होतो, पण बरोबर आहे ‘मॉर्गन फारं इश’. ‘मी’ला क्रियापदामागे सरकावंच लागतं.

एका ठिकाणी मराठीही दगा देते. आपण ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ म्हणतो. जर्मनमध्ये तो असो वा ती, ‘झिंग्ट गूट’च. प्रत्यय लागतो तो नामाआधी: ‘आइन गूटर झेंगर’, म्हणजे चांगला गायक.

सगळ्यात लोभस शब्द ‘गेर्न’. ‘मला चहा आवडतो’ हे जर्मन माणूस ‘इश ट्रिंकं गेर्न टे’ असं सांगतो, म्हणजे मी आवडीने चहा पितो. आवडण्याचं सगळं काम एका क्रियाविशेषणावर. चहापेक्षा कॉफी प्यायला आवडत असेल तर ‘लीबर’, आणि सगळ्यात जास्त आवडत असेल तर ‘आम लीब्स्टन’. ‘गेर्नर’ म्हणायला जाऊ नये.

‘नूर’ आणि ‘एर्स्ट’ ही जोडी मात्र भल्याभल्यांना चकवते, कारण इंग्रजीचं ‘ओन्ली’ दोन्हीकडे चालतं. खिशात फक्त दहा युरो असतील तर ‘नूर’. आत्ता कुठे आठ वाजले असतील तर ‘एर्स्ट’. ‘एर कॉम्ट एर्स्ट उम आख्ट’ म्हणजे तो आठ वाजल्याशिवाय येत नाही. तिथे ‘नूर’ घातलं तर तो फक्त आठलाच येतो, एरवी नाही, असा अर्थ निघेल. तेव्हा ‘ओन्ली’चं जर्मन शोधण्याआधी तेच वाक्य घरी कसं बोलाल ते पाहा. ‘फक्त’ आलं तर ‘नूर’ घ्या, ‘आत्ता कुठे’ किंवा ‘शिवाय नाही’ आलं तर ‘एर्स्ट’.