कर्जाला चिकटलेला विमा

धानासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं, की तुमसर-साकोलीकडच्या पासबुकातही एखादी विम्याची कपात दिसू शकते. ४३६ रुपये असतील तर ती बहुधा केंद्र सरकारच्या जीवन ज्योती विम्याची, २० असतील तर सुरक्षा विम्याची. दोन्ही ऐच्छिक.

गळ्यात मारलेली हजारोंची पॉलिसी ही मात्र वेगळी भानगड. ‘आमचाच विमा घ्या, नाहीतर कर्ज नाही’ असं बजावण्याची बँकेला मुभा नाही. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती सहसा परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे मिळतात.

मुदत उलटली, तर शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि शिक्क्यानिशी पोच घ्यावी. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही! ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ब्रिटनमध्ये कर्जासोबत गळ्यात मारलेल्या अशाच विम्यापायी बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम ग्राहकांना द्यावी लागली.

लोकपालाच्या चौकशीचा क्रमांक: १४४४८.