हरलेल्या डावांची वही

आमच्या नागपुरात 2025 च्या जुलैअखेर एक नवीच साथ आली. 28 जुलैला जॉर्जियातल्या बाटुमी शहरी दिव्या देशमुख या आमच्या गावच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने कोनेरू हम्पीसारख्या मुरलेल्या खेळाडूला जलद डावांत नमवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. झाले! घरोघरी माळ्यावरचे पट खाली आले आणि हरवलेल्या उंटांच्या जागी बाटल्यांची बुचे उभी राहिली. आमच्या भाचेरावांचा पट मात्र माळ्यावर नव्हता. तो त्यांच्या खिशात होता.

भाचेराव अकरावीत. मोबाइलवर, जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेल्या अनोळखी माणसाशी तीन-तीन मिनिटांचे डाव खेळायचे, हा त्यांचा उद्योग. डाव संपला की एक आकडा वर चढतो किंवा खाली घसरतो. हे ‘रेटिंग’. मीही कौतुकाने रोज विचारीत असे, “काय, आज किती?” ते सोळाशे सांगत, सतराशे सांगत, आणि मी पाठ थोपटी. सांगायला लाज वाटते, पण एकाही डावाविषयी मी त्यांना कधी काही विचारले नाही.

मग एका रात्री सतराशेचे पंधराशे झाले. एक हार, ती भरून काढायला दुसरा डाव, दुसरी हार, असे पहाटे तीनपर्यंत. पुढचे आठ दिवस स्वारी कॉलेजात गेली नाही. जेवणाच्या ताटावर बसून मोबाइलकडे बघत राहिली. ताई माझ्याकडे आली ती डोळे पुसतच. “तू मास्तर आहेस. तुझं तरी ऐकतो का बघ.”

आता हा आकडा आहे तरी काय, हे मी आधी समजून घेतले. मूळ हंगेरीच्या आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अर्पाद एलो या प्राध्यापकाने ही पद्धत बसवली. 1970 मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती स्वीकारली. मोबाइलवरच्या खेळात तिचीच सुधारलेली भावंडे वापरतात. हिशेब सोपा आहे. तुमच्यापेक्षा दोनशे गुणांनी वरच्या खेळाडूशी तुम्ही शंभर डाव खेळलात, तर साधारण चोवीस गुण तुमच्या पदरात पडावेत. तेवढेच पडले, तर आकडा जागचा हलत नाही. म्हणजे हरणे हे हिशेबातच धरलेले असते! अपेक्षेहून अधिक मिळवलेत तर चढाल, कमी मिळवलेत तर उतराल. तुम्ही कुणाच्या तोडीचे, एवढे हा आकडा सांगतो. कुठे चुकलात, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. (आम्हा प्राध्यापकांनाही अलीकडे स्वतःच्या कामाचे गुण तक्त्यात भरून द्यावे लागतात. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

हे सारे मी भाचेरावांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि ते पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घालून बसले. तेव्हा डिसेंबरात मी त्यांना उचलून नागझिऱ्याला नेले. खरे सांगायचे तर वाघ दाखवावा हा हेतू नव्हता. जंगलात फोन लागत नाही, एवढेच डोक्यात होते.

साकोलीवरून आत वळून पिटेझरीच्या फाटकातून आम्ही पहाटे शिरलो. ऐन, धावडा, मधूनच बांबूची बेटे. थंडी अशी की उघड्या जीपमध्ये कानांची शुद्ध राहिली नाही. भाचेराव गप्प होते. एका वळणावर गाइडने हात वर केला. जीप थांबली. धुळीत पंजाचा ठसा होता.

“कालचा?” मी विचारले.

“नाही जी. रातचा.” त्याने बोट दाखवले. ठसा काल संध्याकाळच्या जीपच्या चाकोरीवर उमटला होता. म्हणजे तो जीपनंतरचा. आणि त्या पंजाच्या कडेवर चितळाचा खूर पडला होता. म्हणजे चितळाच्या आधीचा. चितळ या वाटेने निर्धास्त गेले, तेव्हा वाघ इथून बराच दूर निघून गेला असावा. वाघ न बघता त्याने वाघाच्या रात्रीचा क्रम लावून दिला. भाचेराव जीपबाहेर वाकून बघू लागले. आठ दिवसांत त्यांची मान प्रथमच वर झाली होती. वर म्हणजे, जीपबाहेर.

दुपारी फाटकाशी चहा घेताना गाइडने खिशातून एक चिमुकली वही काढून काहीतरी टिपले. तारीख, वाट, वेळ, काय दिसले. भाचेरावांनी वाकून वाचले आणि विचारले, “दिसला नाही, हेही लिहिता?”

“तेच तर लिवायचं जी. जे दिसलं, ते ध्यानात राहातेच. नाही दिसलं ते लिवलं नाही, तर पुढच्या खेपी पुन्हा तिथंच जाऊन बसान.”

यावर मी काही बोललो नाही. मास्तराने कुठे गप्प बसावे, हे मला क्वचितच कळते. त्या दिवशी कळले. उलट संध्याकाळी भाचेरावांनीच जंगलातल्या साधनांविषयी विचारले, आणि मला ठाऊक होते ते मी सांगितले. पूर्वी ठशांवरून वाघ मोजीत. 2006 च्या देशव्यापी गणनेपासून कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून आणि संख्याशास्त्राने अंदाज बांधतात. याच नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला ‘जय’ नावाचा प्रख्यात वाघ. त्याच्या गळ्यात तर संदेश देणारा पट्टाच होता. तरी 2016 मध्ये तो नाहीसा झाला, तो पुन्हा दिसला नाही. “म्हणजे यंत्र कुठे आहे ते सांगतं, का ते नाही,” भाचेराव म्हणाले.

घरी परतल्यावर त्यांनी दोनशे पानी वही आणली. मोबाइलवरचा प्रत्येक डाव जपून ठेवलेला असतोच. संगणक तो चालीचाली तपासून देतो. कुठल्या चालीने किती नुकसान झाले, तेही प्याद्याच्या शंभराव्या भागापर्यंत! शेवटी अचूकतेची टक्केवारी. पण ही टक्केवारीही फसवी. दुबळा भिडू असला आणि डाव सरळ जिंकला, तर पंचाण्णव टक्के सहज मिळतात. अटीतटीच्या डावात ऐंशी मिळाले, तरी खेळ उत्तम झालेला असू शकतो. आणि चाल चुकली हे संगणक सांगतो. ती खेळताना मनात काय होते, हे त्याला कोठून कळणार? ते आठवून लिहायचे काम भाचेरावांचे. त्यांनी हरलेले साठ डाव काढले आणि संगणकाचे उत्तर झाकून, प्रत्येकापुढे आपले कारण आधी लिहिले.

जे निघाले, ते बघून आम्ही दोघेही चकित झालो. डावाच्या सुरुवातीच्या खेळ्या सुधाराव्यात म्हणून पोराने महिनोन्महिने चित्रफिती बघितल्या होत्या. आणि साठांपैकी जेमतेम पाच डाव सुरुवातीत गेले होते. एकवीस डाव हत्ती आणि थोडी प्यादी उरल्यावर, हातातला विजय सोडून गेले होते. उरलेल्यांपैकी बरेचसे रात्री अकरानंतरचे. आणि त्यांतले बहुतेक आधीची हार होऊन एक मिनिटही उलटायच्या आत सुरू केलेले. या शेवटच्या रकान्यापुढे भाचेरावांनी कारण लिहिले होते, “राग.” ताईने तो शब्द वाचला आणि वही हळूच मिटून ठेवली.

आता ते दिवसाला तीनच डाव खेळतात, तेही दहा-दहा मिनिटांचे, आणि उजेडी. कॉलेजात जातात. आकडा अजून सतराशेला पोचलेला नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत खेळावरून ताईशी खटका उडाला नाही असेही नाही. परवा संध्याकाळी आले तेव्हा माझ्या तोंडावर जुनाच प्रश्न आला होता. तो गिळून मी म्हटले, “काय, आज कुठे अडलात?”

“हरलो, मामा,” चपला काढता काढता ते म्हणाले, “पण आज हत्तीच्या शेवटात नाही. तो बरोबर जमला होता. घड्याळाकडे बघायचं राहिलं.” आणि वही शोधत आत गेले.