आपलाच मोत्या चावला, तर?

गेल्या श्रावणातील गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, एवढ्यात गावातील एक निवृत्त गुरुजी आपल्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन आले. मुलाच्या गालावर आणि मनगटावर हळद-चुन्याचा लेप होता. ‘‘काल खेळताना तारेच्या कुंपणावर पडला. धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं देऊन टाका,’’ गुरुजी म्हणाले.

मी लेप धुऊन पाहिला. तारेचा ओरखडा लांबट असतो. इथे दातांच्या खुणा सरळ दिसत होत्या. गुरुजींना काही न विचारता मी मुलालाच विचारले, ‘‘कोण चावलं रे?’’ त्याने आधी आजोबांकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, ‘‘मोत्या. पण त्याला मारू नका.’’

मोत्या हा गुरुजींच्या घरचा नऊ वर्षांचा कुत्रा. मीही त्याला ओळखतो. रात्री-अपरात्री त्यांच्याकडे व्हिजिटला गेलो तर शेपटी हलवत फाटकापर्यंत येणारा. हा मुलगा त्याच्याच अंगाला धरून उभा राहायला शिकला. आदल्या संध्याकाळी मोत्या खाटेखाली झोपला होता. मुलाने नेहमीसारखा त्याच्या गळ्यात हात टाकला, तर तो एकदम उसळून चावला.

घरात मग जितकी माणसे तितकी मते. आजी म्हणाल्या, ‘‘घरचंच कुत्रं, त्याच्या दाताला कसलं आलंय विष!’’ शेजारी म्हणाले, ‘‘पिसाळलंय, काठीनं संपवा.’’ मुलाचे वडील त्याला पोत्यात घालून घाटापलीकडे सोडून यायला निघाले होते. मोत्याचे काही बरेवाईट होईल, या भीतीने गुरुजी, ज्यांनी जन्मभर पोरांना खरे बोलायला शिकवले, माझ्याशी खोटे बोलले. या सगळ्या गडबडीत जी गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत व्हायला हवी होती ती चोवीस तास झाली नाही. जखम कोणी साबणाने धुतली नाही.

माझी एक चूक

गुरुजींना मी रागावलो नाही. त्याला कारण आहे. १९९७ साली मी नुकताच दवाखाना थाटला होता. एक तरुण शेतकरी बोटाला पिल्लू चावले म्हणून आला. मी विचारले, ‘‘कुणाचं पिल्लू?’’ तो हसून म्हणाला, ‘‘आपलंच की, तीन महिन्यांचं.’’ मीही हसलो. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, पट्टी बांधली. त्या काळी सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. घरच्या पिल्लासाठी एवढा त्रास त्याला कशाला द्यायचा, असे मला वाटले. चौथ्या दिवशी ते पिल्लू मेले. हे त्याने मला कळवले नाही, आणि कळवायला मी सांगितलेही नव्हते. दोन महिन्यांनी त्याला आणले, तेव्हा पाण्याचा पेला ओठाजवळ नेला की त्याचा घसा आवळत होता. पुढे काय झाले ते सांगायला नको. तेव्हापासून ‘कुणाचं कुत्रं?’ या प्रश्नावर मी उपचार ठरवत नाही.

वाचकहो, रेबीजचे विषाणू कुत्रा घरचा की रस्त्यावरचा हे पाहत नाहीत. घरचा कुत्राही अंगणात जातो, रात्री दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतो. लागण झालेल्या कुत्र्याच्या लाळेत लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून विषाणू असू शकतात. म्हणजे वरवर ठणठणीत दिसणारा कुत्राही धोक्याचा असू शकतो. माणसाला लक्षणे सुरू झाली की हा आजार जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. मात्र त्याआधी योग्य उपचार झाले तर तो टाळता येतो. सगळा डाव या ‘आधी’ शब्दावर आहे.

चावल्यावर लगेच काय करावे?

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. अंगाचा साबण चालेल, कपड्याचाही चालेल. नंतर घरात जंतुनाशक औषध असेल तर लावावे. हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. उशीर झाला असला तरीही धुवावी. गुरुजींच्या नातवाची जखम मी चोवीस तासांनीसुद्धा पंधरा मिनिटे धुतली.

त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नुसते धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी परतू नये. त्याचा रेबीजशी काही संबंध नाही. लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती मात्र आता मनातून काढून टाका. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. आताची लस दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीत. स्नायूत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. गरोदर बाईलाही ती देता येते.

दात रुतून रक्त आले असेल, किंवा कातडी फाटली असेल, तर नुसती लस पुरत नाही. लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोपर्यंतच्या संरक्षणासाठी इम्युनोग्लोब्युलिन नावाचे तयार औषध थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचावे लागते. चेहरा, मान, डोके, हाताची बोटे इथले चावे विशेष घातक असतात, आणि लहान मुलांची उंचीच अशी की चावा नेमका चेहऱ्यावर बसतो. हे औषध सगळीकडे असतेच असे नाही. म्हणून मी लसीचा पहिला डोस देऊन मुलाला त्याच रात्री जिल्हा रुग्णालयात पाठवले.

मुलाची आई म्हणत होती, ‘‘गालाला टाके घाला, व्रण राहील.’’ मी घातले नाहीत. कुत्र्याच्या चाव्याला शक्यतो लगेच टाके घालत नाहीत, कारण सुईने विषाणू आणखी खोल जाऊ शकतात. घालावेच लागले तर आधी इम्युनोग्लोब्युलिन देतात आणि टाके मोजके व सैल ठेवतात.

कुत्र्याचे काय करायचे?

त्याला मारायचे नाही आणि हाकलून द्यायचेही नाही. त्याला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचे. चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू असतील तर या मुदतीत तो आजारी पडतो आणि मरतो. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल, तर त्या चाव्यातून रेबीज होण्याचा धोका नव्हता असे समजावे. कुत्र्याला मारले किंवा सोडून दिले, तर ही माहितीही त्याच्याबरोबर गेली. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, असे कदापि करू नये. लस पहिल्या दिवशीच सुरू करायची. दहाव्या दिवशी कुत्रा धडधाकट असेल तर पुढील डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने बंद करू नये.

या दहा दिवसांत कुत्र्याचा आवाज बदलला, तो लाकूड-माती खाऊ लागला, लाळ गाळू लागला, तोल जाऊ लागला, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसू लागला, तर ताबडतोब जनावरांच्या दवाखान्यात कळवावे. पिसाळलेला कुत्रा म्हणजे सैरावैरा धावणाराच असतो असे नाही. काही कुत्रे उलट गप्प होतात, त्यांचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही. मालकाला वाटते घशात हाड अडकले, आणि तो तोंडात हात घालतो. असा हात कधीही घालू नये. आपल्याकडे कुत्र्यासमोर पाणी ठेवून तो भितो का ते पाहतात. ही परीक्षा खोटी आहे. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्याला तोंड लावू शकतो.

मग मोत्या चावला का?

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकांना घरी बोलावले. त्यांनी मोत्याच्या तोंडाला जाळी बांधून त्याला तपासले. उजव्या कानात खोलवर पू होता, आणि त्याच बाजूच्या डोळ्यात मोतीबिंदू. झोपेत, न दिसणाऱ्या बाजूने, ठणकत्या कानावर कोणाचा तरी हात पडला होता. आठ दिवसांपासून तो मान तिरकी करून कान खाजवत होता, हे मग घरातल्या सगळ्यांना आठवले.

शांत स्वभावाचा कुत्रा एकाएकी चिडका झाला तर त्याला काही दुखते आहे का, हे आधी पाहावे, असे पशुवैद्यक सांगतात. कान, दात, सांधे, अंगावरील जखम, म्हातारपणी कमी झालेली नजर किंवा ऐकू येणे, पिल्ले झालेली कुत्री, ताटलीजवळ गेलेले मूल, फटाक्यांची भीती अशी किती तरी कारणे असतात. दुखते म्हणून आपल्या डब्यातील वेदनाशामक गोळी मात्र त्याला देऊ नये. आपल्याला चालणाऱ्या काही गोळ्या कुत्र्याला विषारी ठरतात.

कुत्रा अंगावर येत असेल तर आरडाओरडा, मारहाण करू नये. मुलांना तिथून हलवावे, कुत्र्याला निघून जायला वाट ठेवावी, आणि तो खोलीत असेल तर बाहेरून दार लावून घ्यावे. त्याच्याकडे टक लावून पाहू नये, पाठ फिरवून पळू नये. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. मार खाऊन गुरगुरणे सोडलेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. मुलांनाही शिकवावे: झोपलेल्या, खाणाऱ्या, पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, मग तो आपला लाडका का असेना.

मोत्याला मागच्या पडवीत साखळीने बांधले. मुलांना तिकडे जायला बंदी केली. गुरुजी रोज सकाळी मला फोन करून दोनच वाक्ये सांगत, ‘‘खाल्लं. ओळखलं.’’ दहाव्या दिवशी ते स्वतः आले. मोत्या ठणठणीत होता, कान सुकत आला होता. त्यांनी त्याचे लसीकरणाचे कार्ड दाखवले. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची होती. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग पशुवैद्यक सांगतील तेव्हा पुढचा डोस आणि त्यानंतर दरवर्षी एकदा, एवढे तरी आपण करायलाच हवे. आणि लस दिलेला कुत्रा चावला तरीही डॉक्टरांना दाखवावेच.

जाताना गुरुजी म्हणाले, ‘‘त्या दिवशी तुम्हाला खोटं सांगितलं, त्याची लाज वाटते.’’ मी त्यांना १९९७ सालची गोष्ट सांगितली. दोघेही थोडा वेळ गप्प बसलो.

नातवाच्या गालावर आता एक बारीक पांढरी खूण राहिली आहे. तो मोत्याजवळ जातो, पण आधी समोरून हाक मारतो आणि मोत्याने शेपटी हलवली तरच हात पुढे करतो. तुमच्या घरी कुत्रा असेल तर आजच दोन गोष्टी करा. त्याचे कार्ड काढून शेवटच्या लसीची तारीख पाहा. आणि घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, सांगून ठेवा: आपलाच कुत्रा चावला तरी लपवायचे नाही, आधी साबण-पाणी, मग दवाखाना.