चिलखती मासा

कांचेच्या हौदांत मासे पाळणाऱ्यांच्या तोंडीं एक वाक्य नेहमीं ऐकूं येतें: "तळाशीं एकदोन कोरिडोरास सोडा, म्हणजे ते हौद साफ ठेवतील." ह्या समजुतीपायीं एका निरुपद्रवी जीवाचे फार हाल होतात, म्हणून त्याची खरी ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ठिपकेदार कोरिडोरास हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील. अर्जेंटिना, उरुग्वे व दक्षिण ब्राझील येथील गोड्या पाण्यांत तो राहतो. चार्ल्स डार्विन ह्यानें 'बीगल' जहाजाच्या सफरींत (१८३१–१८३६) त्याचे नमुने जमविले, व लेनर्ड जेनिन्स ह्यानें १८४२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. २०२४ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याची गणना हॉप्लिसोमा ह्या वंशांत केली. पण पाळणाऱ्यांच्या तोंडीं जुनेंच नांव आहे.

हा मासा आपल्या बोटाएवढाच असतो. त्याच्या अंगावर खवले नाहींत. त्यांऐवजीं दोन्ही बाजूंस हाडांच्या पट्ट्यांच्या दोन दोन ओळी असतात, जणूं छपरावर बसविलेलीं कौलें. पाठीवरच्या व छातीजवळच्या पंखांत टणक कांटे असतात. शत्रू गिळूं लागल्यास ते ताठ उभे राहून त्याच्या घशांत रुततात. पाण्यांतील प्राणवायु कमी पडला, कीं हा मासा झपकन् वर येऊन हवेचा घोट घेतो, आणि त्या हवेंतील प्राणवायु त्याच्या आंतड्यांत शोषला जातो.

एवढी तयारी असूनहि त्याचा एक अवयव फार नाजूक आहे. तो म्हणजे तोंडाजवळच्या मिशा. वाळूंत दडलेले किडे व अळ्या तो ह्यांच्याच साह्यानें हुडकतो. तळाशीं घाण सांचून राहिली, तर ह्या मिशा कुजून झडूं लागतात. धारदार खडीनेंहि त्यांस इजा होते. इतर माशांची विष्ठा तो खात नाहीं. त्यांचें उरलेलें अन्न तो टिपतो खरा, परंतु तेवढ्यावर त्याचें पोट भरत नाहीं. आणि लोक मात्र त्यास वेगळें अन्न घालीत नाहींत!

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, हा मासा पाळणें झाल्यास तळाशीं बारीक वाळू घाला, बुडणारें अन्न द्या, व दर आठवड्यास हौदांतील थोडें पाणी बदला. तो कळपांत राहणारा आहे. निदान सहा तरी एकत्र ठेवा. त्याचें चिलखत शत्रूच्या दातांपुढें टिकतें, पाळणाऱ्याच्या हयगयीपुढें टिकत नाहीं. हौद साफ ठेवण्याचें काम ज्याचा हौद त्यानेंच केलें पाहिजे.