विश्लेषण : वाड्याला बुरूज, पण किल्ला नव्हे! इंग्लंडमधील अ‍ॅक्टन बर्नेलचे अवशेष काय सांगतात?

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, श्रूजबरीपासून साधारण १३ किलोमीटरवर अ‍ॅक्टन बर्नेल हे खेडे आहे. तेथील चर्चजवळ लाल वालुकाश्मातील एक इमारत छपराविना उभी आहे. चार कोपऱ्यांत चार बुरूज, भिंतींवर चर्या आणि नावात ‘कॅसल’. तरीही हा किल्ला नाही. आपल्याकडच्या गढीशी याचे रूप जुळते, हेतू मात्र वेगळा होता.

वाडा कोणाचा?

राजा पहिला एडवर्ड याचा विश्वासू चॅन्सेलर रॉबर्ट बर्नेल याचा. तो बाथ आणि वेल्सचा बिशपही होता. त्याला कँटरबरीचे आर्चबिशपपद मिळावे, अशी राजाची इच्छा होती. पोपने ती मान्य केली नाही.

चर्यांसाठी परवाना?

त्या काळी घराला चर्या बांधायच्या, तर राजाचा परवाना घेण्याची पद्धत होती. बर्नेलला तो जानेवारी १२८४ मध्ये मिळाला. संरक्षणापेक्षा त्यात मिरवणेच अधिक! पुरावा हवा असेल, तर वरच्या मजल्यावरील दिवाणखान्याच्या खिडक्या पाहाव्यात. वेढ्याची धास्ती असलेला माणूस एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवत नाही.

कायद्याशी काय संबंध?

गावाचे नाव इतिहासात राहिले ते उधारीमुळे. ऑक्टोबर १२८३ मध्ये श्रूजबरीत वेल्सचा राजपुत्र डेव्हिड याला देहदंड दिल्यानंतर राजा येथे आला आणि ‘अ‍ॅक्टन बर्नेलचा कायदा’ झाला. उधारीवर माल देऊन पैसे बुडालेल्या व्यापाऱ्यांकडे तोवर झटपट वसुलीचा मार्ग नव्हता. आता कर्जाची कबुली महापौरासमोर नोंदवता येऊ लागली. मुदतीत पैसे न आल्यास ऋणकोची मालमत्ता विकली जाई. विकण्याजोगे काही नसेल, तर तुरुंग. या बैठकीतील सामान्य प्रतिनिधी जवळच्या एका धान्यकोठारात जमले होते, असे परंपरेने सांगितले जाते.

आज काय दिसते?

बर्नेल १२९२ मध्ये वारला. १४२० पर्यंत वाडा ओस पडला होता. अठराव्या शतकात त्याचाच काही भाग कोठार म्हणून वापरला गेला. आता देखभाल ‘इंग्लिश हेरिटेज’कडे असून प्रवेश विनामूल्य आहे. मात्र उजेड असतानाच जावे. बर्नेलच्या काळातील शेजारचे सेंट मेरी चर्च आजही वापरात आहे. आणि त्या जुन्या धान्यकोठाराच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंती अजून उभ्या आहेत.