जामखेडला उतरलेलं जोडपं

मिशनरी जोडप्यावर लेख मागायला संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे जुन्या काळातलं गोरं मिशनरी जोडपं होतं. मुंबईच्या बंदरात उतरलेलं, मुन्शी ठेवून मराठी गिरवणारं, मग एखाद्या गावी दवाखाना नाहीतर शाळा काढून तिथल्याच मातीत मिसळलेलं. अशी जोडपी आपल्याकडे होऊन गेली आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जॉन आणि मार्गारेट विल्सन 1829 साली स्कॉटलंडहून मुंबईला आले. मार्गारेटबाईंनी मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या आणि सहा वर्षांत, 1835 मध्ये, त्या इथेच वारल्या. मिरजेचे डॉ. विल्यम वानलेस आणि त्यांच्या पत्नी मेरी 1889 मध्ये आले. पाच वर्षांनी मिरजेचं इस्पितळ उभं राहिलं.

मी संपादकांना म्हटलं, मला उलट्या वाटेनं गेलेल्या जोडप्यावर लिहू द्या. इथलेच दोघे, ख्रिस्ती घरांतले, शिकायला अमेरिकेत गेले आणि आयुष्य घालवायला जामखेडला आले, ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे.

हा विषय माझ्या डोक्यात किल्लारीच्या भूकंपापासून होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादची जमीन हलली तेव्हा मी शाळेत होतो. पुढचे कितीतरी दिवस आमच्या रस्त्यानं ट्रक जात राहिले. धान्य, चादरी, औषधं, डॉक्टर, सगळं आलं, देशभरातून आलं. मग हळूहळू ट्रक थांबले. आमची एक मावशी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. आईबरोबर तिला भेटायला गेलो, तर तिनं उशाखालून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. म्हणाली, "औषध देऊन गेले गं, पर कवा द्यायचं, किती द्यायचं, आता कुणाला इचारू?" तिचं नातवंड जुलाबानं सुकलं होतं. ते वाचलं. पण तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. डॉक्टर निघून गेल्यावर गावात जाणतं असं कोण उरतं?

लातूरहून जामखेडला जायचं तर अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, पाटोदा असा रस्ता आहे. पाटोद्याच्या पुढे मराठवाडा संपतो, पण माणसं, ज्वारी आणि पाण्याची ओढ तीच राहते. नगर जिल्ह्याचा हा कोपरा खरं तर आमचाच. बीड जिल्ह्यातली खेडी आरोळेंच्या जामखेडच्या दवाखान्याच्या अंगणातच धरली पाहिजेत.

इतिहास थोडक्यात सांगतो. रजनीकांत राहुरीचे, आईवडील शिक्षक. मेबल जबलपूरच्या, वडील तिथल्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक. दोघांची भेट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. ते कॉलेज आयडा स्कडर यांनी उभं केलेलं, आणि आयडाबाई म्हणजे मिशनरी डॉक्टर घराण्याची तिसरी पिढी. 1960 मध्ये लग्न झालं तेव्हाच दोघांनी शपथ घेतली की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी. मग नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात चार वर्षं काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बरं करून घरी पाठवलेलं मूल त्याच आजारानं पुन्हा येतं. इस्पितळाच्या दारात आजार येतो, पण तो तयार होतो घराच्या दारात, पाणवठ्यावर, रिकाम्या डब्यात.

मग अमेरिका. क्लीव्हलँडमध्ये पुढचं वैद्यकीय शिक्षण आणि त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी. तिथे त्यांचे गुरू कार्ल टेलर. हे टेलर मसुरीजवळ लंढोरला जन्मलेले, मिशनरी डॉक्टर आईवडिलांचे चिरंजीव. म्हणजे वेल्लोर, वडाळा, बाल्टिमोर, जिथे जिथे हे दोघे शिकले तिथे तिथे मागे घर सोडून आलेलं एखादं मिशनरी घराणं होतं. या दोघांना मिशनरी म्हणायचं ते याच अर्थानं. श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही आणि कुणाच्या गळ्यातही घातली नाही. अमेरिकेत राहून मोठं नाव कमावता आलं असतं. 1970 मध्ये ते जामखेडला आले आणि जनावरांच्या एका जुन्या दवाखान्यात माणसांचा दवाखाना सुरू झाला.

त्या वेळी या भागात जन्माला आलेल्या दर हजार मुलांतली 176 मुलं वर्षाच्या आत जात होती. हा आकडा मी वहीत दोनदा लिहिला. सहा घरं मोजायची आणि एका घरातला पाळणा रिकामा धरायचा.

सुरुवातीला त्यांनी पुस्तकात असतं तसंच केलं. शिकलेल्या नर्सेस गावोगावी नेमल्या. त्या तरुण मुली गावात परक्या होत्या. एकट्यानं राहायची त्यांना भीती आणि गावाला त्यांच्या बोलण्याचा भरवसा नाही. बेत फसला. तेव्हा एका सरपंचानं सुचवलं, बाहेरची पोरगी कशाला आणता, आमच्यातलीच एखादी बाई शिकवून घ्या की. आरोळे दांपत्याचा मोठेपणा मला इथे सर्वांत जास्त दिसतो. बाल्टिमोरची पदवी हातात असताना त्यांनी सरपंचाचं ऐकलं.

गावानं निवडलेल्या या बाया बहुतेक निरक्षर होत्या, बऱ्याच दलित, कुणी टाकलेली, कुणी विधवा. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. आधी आपापली भाकरी वेगळी सोडून, वेगळ्या कोपऱ्यात बसणाऱ्या बाया हळूहळू एका पंगतीत आल्या. मेबलताईंनी त्यांना गर्भारपण, जुलाब, खोकला, लसी शिकवल्या. त्याच्याही आधी शिकवलं ते आपलं मत मांडायला, नवऱ्यापुढे, सासूपुढे, पाटलापुढे. 1972 च्या दुष्काळात पाणी हेच औषध ठरलं. हातपंप घ्यायचे ते दलित वस्तीत, असा आग्रह आरोळे दांपत्यानं धरला. सवर्णांच्या घागरी त्या वस्तीत आल्या आणि ज्या विहिरीवर शिवाशिव पाळली जायची, तिची सत्ता संपली. कुष्ठरोग्यांना वेगळं न ठेवता त्याच ओळीत बसवलं. गावच्या कारागिरांनी जयपूर फूट बनवायला घेतला. पाचएक वर्षांत ते 176 बरेच खाली उतरले आणि पुढे तिसाच्याही आत आले. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. 1979 मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाकीचे सन्मान सगळीकडे छापलेले आहेत.

मला थांबवलं ते गावानं निवडलेल्या त्या बायांपैकी एकीनं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात काचेच्या दोन दोन बांगड्या. अंगणात बाजेवर बसल्या होत्या. नाव छापू नका म्हणाल्या, "माझं एकलीचं काय छापता, आमी लई जणी होतो." मी त्यांना मावशी म्हणायला लागलो.

तुम्हाला वाचता येत नव्हतं तर लक्षात कसं ठेवायचात, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर न देता माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली. "पांढरं न्हाई. जीभ काढा." जीभ काढली. "नखं." नखं दाखवली. "रगत हाये तुमच्यात. पर झोप न्हाई." झोप खरोखरच नव्हती.

मग त्यांनी शेजारच्या नातीला उभं केलं आणि तिच्या फ्रॉकवर बोटं ठेवून मला गर्भाची मोजणी शिकवली. बेंबीला पोहोचलं की पाचवा. तिथून वर बोटं मोजत जायची. बरगडीच्या खळग्यात गेलं की नववा, आणि नवव्यानंतर थोडं खाली सरकलं तर घाबरायचं नाही, बाळ डोकं खाली घालतंय. बोटं ठेवताना त्या डोळे मिटत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, डोळ्याला साडी दिसते, बाईचा चेहरा दिसतो, गरिबी दिसते. हाताला नुसतं बाळ लागतं.

जुलाबाच्या पाण्याची गोष्टही तशीच. तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ. आणि मुलाला पाजायच्या आधी आपण चाखायचं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर सांडून द्यायचं, नवं करायचं. मला शेडमधली आमची मावशी आठवली. तिच्या उशाखालच्या पाकिटापेक्षा हे एक वाक्य तिला कुणी दिलं असतं तर?

या बायांपैकी मुक्ताबाई पोळ यांची हकीकत जामखेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. ऐंशीच्या दशकात त्या वॉशिंग्टनला आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या. सभागृहात मोठमोठी झुंबरं लखलखत होती. मुक्ताबाईंनी डॉक्टरांची तुलना त्या झुंबरांशी केली, देखणी पण महाग आणि हात न पोहोचणारी. मग पिशवीतून वातीचे दोन साधे दिवे काढले. एक लावला आणि त्या ज्योतीवर दुसरा लावून दाखवला. झुंबराला हे जमत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. सभागृह उभं राहिलं. मी ही गोष्ट मावशींना सांगायला गेलो तर त्या मध्येच म्हणाल्या, "दिवा लावणं सोपं. वाऱ्यात धरून ठिवणं अवघड."

त्या वाऱ्याबद्दलच आता लिहायचं आहे, कारण परतीच्या वाटेवर माझ्या मनात कौतुकापेक्षा काळजी जास्त होती.

पहिल्या पिढीतल्या बाया थकल्या, कितीतरी गेल्या. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत 2011 मध्ये. त्यांच्या कन्या डॉ. शोभा आरोळे यांनी काम पुढे चालवलं. पण गाव तेच राहिलं नाही. रस्ते झाले, गाडी दारात येते, तालुक्याला खासगी दवाखान्यांच्या पाट्या लागल्या. जुलाबानं मूल जाणं दुर्मिळ झालं, ही खरोखर आनंदाची गोष्ट. आता घरोघरी बीपी आणि शुगर आहे. ती पापणी ओढून कळत नाही आणि गोळी एक दिवस देऊन भागत नाही, आयुष्यभर पाठ धरावी लागते.

आणि ज्या बाईला स्वतःच्या शरीरावर हक्क आहे असं मेबलताई शिकवत होत्या, तिचं काय झालं? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची 2019 मध्ये सरकारी पाहणी झाली. सुमारे 82 हजार बायांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कोयत्याला सुट्टी नाही, एक दिवस पडला की मुकादम दंड लावतो, पाळी नको, पांढरं जाणं नको, मग पिशवीच काढून टाका. जामखेडहून तासाभराच्या अंतरावरच्या गावांत हे घडलं. दवाखाने वाढले आणि तिला "थांब, घाई करू नको" म्हणणारी, गावातली, कशातच पैसे न मिळणारी बाई कमी पडली. हे वाचताना मला राग येतो आणि तो मला लपवायचा नाही.

सरकारनं ही कल्पना उचलली नाही असं नाही. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून आशा कार्यकर्ती आली. हजार वस्तीमागे एक, गावातलीच, लग्न होऊन आलेली बाई. मुळाशी जामखेडसारख्या कामांचाच अनुभव आहे. पण जामखेडची बाई गावाला जबाबदार होती, आशा रजिस्टरला जबाबदार आहे. इतक्या बाळंतपणांचे इतके, इतक्या लसींचे इतके, असा मोबदला ठरलेला. रोगाची पाहणी आली, निवडणूक आली, नवी योजना आली की तिच्याच डोक्यावर. तिला कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. 2023 च्या अखेरीस आणि 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, मुंबईत आझाद मैदानावर बसल्या. त्यात लातूर-नांदेडच्याही होत्या. माझ्या ओळखीची एक आशाताई सांगत होती, दादा, बाळंतिणीपाशी बसायला वेळच उरत नाही, फोटो काढून पाठवायचे असतात.

मावशींची धाकटी सून आशा आहे. मी निघायच्या बेतात असताना ती आली. खांद्याला पिशवी, हातात मोबाइल, मागे गल्लीतली एक गर्भार पोर. तिची माहिती भरायची राहिली होती आणि मोबाइल नुसता गरगरत होता. सून अंगणाच्या या टोकाला जाऊन बघ, त्या टोकाला जाऊन बघ, रेंज काही येईना.

मावशी बाजेवर सरकल्या, त्या पोरीला जवळ बसवलं आणि सुनेला म्हणाल्या, "ते येईस्तवर हात तर लाव."

सुनेनं मोबाइल बाजेवर ठेवला, पदराला हात पुसले आणि बोटं ठेवली.

"डोळे झाक."

तिनं झाकले. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"सातवा सरत आलाय, आत्या."

मावशींनी सुनेच्या हातावर आपला हात ठेवला, तिची बोटं किंचित वर सरकवली. "न्हाई. पुन्ना लाव."