टायरचा दिवा खरा की खोटा?

मोटारसायकलच्या चाकात हवा आहे की नाही, हे तुमच्या घरी कसं बघतात? बहुतेक घरांत उत्तर एकच. चाकाला एक लाथ मारायची, नाहीतर अंगठ्यानं दाबून बघायचं आणि "आहे, भरपूर आहे" म्हणत गाडी सुरू करायची! आमच्या जवळा बाजारलाही हीच पद्धत. पण आता काही गाड्यांवर हे काम एक छोटंसं यंत्र करतं. हवा कमी झाली की हँडलजवळ दिवा लागतो. महागड्या मोटारसायकलींत हे यंत्र कारखान्यातच बसवतात. साध्या गाडीला ते बाहेरून आणूनही लावता येतं.

वर्गात हवेचा दाब शिकवताना या दिव्याचा विषय निघाला, तेव्हा चौथीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या गाडीला बी हाय तो दिवा. पण उगंच लागतोय म्हणून पप्पानं त्याच्यावर चिकटपट्टीच लावून टाकली." सगळा वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. त्याच गाडीवर तो, त्याची धाकटी बहीण आणि पप्पा असे तिघं रोज शाळेपर्यंत येतात.

मग असा दिवा सारखा लागत असेल तर करायचं तरी काय? त्यासाठी आधी हे यंत्र समजून घेऊ.

हवा भरायच्या नळीला आपण व्हॉल्व म्हणतो. त्याच्या आतल्या टोकाशी किंवा बाहेर टोपणाच्या जागी हा संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवलेला असतो. त्यात सिलिकॉनचा अगदी पातळ पडदा असतो. हवेच्या दाबानं तो किंचित वाकतो आणि त्यातून जाणारी वीज बदलते. त्यावरून दाबाचा आकडा निघतो. चाक तर फिरतं, मग तार कशी जोडणार? म्हणून सेन्सर तो आकडा रेडिओलहरींनी हँडलवरच्या पडद्याकडे पाठवतो. आत एक चपटा सेल असतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो, तुमच्या हजेरीपटावर असतो ना, तसाच! त्यामुळे पुढचं चाक कोणतं आणि मागचं कोणतं, हे पडद्याला कळतं.

मोटारगाडीत असं यंत्र पहिल्यांदा १९८६ साली पोर्श ९५९ या गाडीत आलं. पुढे अमेरिकेत टायर फुटून बरेच अपघात झाले, २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या मोटारींना हे यंत्र सक्तीचं झालं. त्या नियमातली एक गोष्ट मला फार आवडते. हवा कमी असेल तर दिवा स्थिर जळतो. पण यंत्रच बिघडलं असेल, तर गाडी सुरू केल्यावर तो आधी एक ते दीड मिनिट लुकलुकतो. म्हणजे "मी आजारी आहे" हे दिव्यानंच सांगायचं! तुमच्या गाडीचा दिवा असं काही सांगतो का, ते तिच्या माहितीपुस्तकात बघा. ते पुस्तक घरात कुठेतरी तळाशी पडलेलं असेलच.

आता एक गणित करू. समजा, दुपारी ३५ अंश तापमानात चाकात २८ पौंड हवा भरली. काटा फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १४.७ पौंड, म्हणून आतला खरा दाब झाला ४२.७. डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांवर आला. आपल्याकडे हे काही नवल नाही, परभणीच्या थंडीचा आकडा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतो. हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो. हिशेब करताना अंशांत २७३ मिळवायचे, म्हणजे ३०८ आणि २८३. ४२.७ ला २८३ ने गुणा, ३०८ ने भागा. उत्तर येतं सुमारे ३९.२. त्यातून १४.७ वजा केले की काट्यावर उरतात साडेचोवीस!

दिव्याची हद्द २५ वर ठेवलेली असेल तर सकाळी दिवा लागणारच. गाडी चालली, ऊन तापलं, टायर गरम झाला की दिवा गेला. पप्पा म्हणतात, यंत्र बिघडलं. पण यंत्र तर खरं बोलत होतं! हे घरीही करून बघता येतं. प्लॅस्टिकची रिकामी बाटली उन्हात तापवा, बूच घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. थोड्या वेळानं तिच्या बाजू आत गेलेल्या दिसतील.

म्हणून हवा नेहमी गाडी थंड असताना, सकाळी मोजायची. किती भरायची तो आकडा गाडीवरच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात असतो. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तोही बघा.

आता खरोखर खोट्या दिव्याकडे येऊ. अशी एक घटना चक्क अवकाशात घडली होती. २० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकेचा जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरत होता. जमिनीवरच्या केंद्राला इशारा मिळाला, की यानाच्या तळाची उष्णतेपासून वाचवणारी ढाल सैल झाली आहे. खरं असेल तर परतताना यान जळून जाणार! अनेकांना वाटत होतं, की इशारा खोटा आहे. त्यांनी ग्लेनला एक बटण फिरवून बघायला सांगितलं, दिवा लागला नाही. तरीही त्यांनी धोका पत्करला नाही. ढालीवर पट्ट्यांनी बांधलेली रॉकेटं एरवी आधीच टाकून देतात, ती या वेळी तशीच ठेवली, म्हणजे ढाल सैल असलीच तर पट्ट्या ती धरून ठेवतील. ग्लेन सुखरूप उतरला. नंतर तपासलं, तर बिघाड एका छोट्या स्विचमध्ये निघाला.

मोटारसायकलवर आपल्याला तेवढंही अवघड नाही. दिवा लागला की वेग हळूहळू कमी करायचा, जोरात ब्रेक मारायचा नाही, कडेला थांबायचं आणि हवा काट्यानं मोजायची. हातात मावणारा काटा मिळतो, तो डिकीत ठेवा. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तिथेही मोजता येते. काटा कमी दाखवत असेल तर दिवा खरा. मग व्हॉल्वला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर हवा तिथूनच जाते. टोपणासारखा सेन्सर व्हॉल्वची पिन दाबून ठेवतो, म्हणून तो सैल बसला तर त्याच्यातूनच हवा निसटते. राखणदारच चोर!

काटा बरोबर दाखवतो आणि दिवा तरीही जळतो, तर एक गमतीचा प्रयोग. टोपणासारखे सेन्सर असतील तर मोठ्यांना पुढचा मागे आणि मागचा पुढे लावायला सांगा. पडद्यावर तक्रार अजूनही 'पुढच्या'चीच आली तर तो सेन्सर खोटा. तक्रार आता 'मागच्या'ची आली, तर पुढच्या चाकातच खोट आहे, पुन्हा मोजा. नंतर दोन्ही आपापल्या जागी लावायला विसरू नका.

आकड्याऐवजी नुसत्या रेघा दिसत असतील तर बहुधा सेल संपलेला असतो. पंक्चरचं औषध टायरमध्ये ओतलेलं असेल तर आतल्या सेन्सरचं छिद्र बुजतं आणि आकडा हलतच नाही. टायर बदलताना पान्याचा धक्का लागूनही सेन्सर फुटतो, म्हणून पंक्चरवाल्या काकांना आधीच सांगा, "काका, आत सेन्सर आहे." दुरुस्त होईपर्यंत रोज सकाळी काट्यानं मोजायचं.

आणि काढलेला जुना सेल घरात कुठेही टाकू नका. लहान भावंडं तो तोंडात घालतात. चपटा सेल पोटात गेला किंवा गेल्याचा नुसता संशय आला, तरी वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.